गोडसे भटजींची कावड

ऑफिसात कुणी राजीनामा टाकून सहा महिने भटकायला निघाला की फेअरवेलच्या केकबरोबर एक तत्त्वज्ञान हमखास वाटलं जातं. खरा प्रवासी तो, ज्याला कुठे पोचायचंच नसतं! आणि मग पुढचं वाक्य, 'जुने लोक बघ, महिनोन्‌महिने पायी फिरायचे, त्यांना प्रवास म्हणजे काय ते कळलं होतं.'

पहिल्या वाक्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याची त्याची आवड. पण दुसरं वाक्य मला साफ अमान्य आहे. जुन्या लोकांना बहुतेक वेळा कुठेतरी पोचायचंच असायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे परत यायचं असायचं.

पुरावा म्हणून मराठीतलं सगळ्यात गाजलेलं जुनं प्रवासवर्णनच घेऊ. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचे हे भटजी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वय तिशीच्या आसपास. कारण? घराच्या डोक्यावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, भरपूर दानधर्म होणार आहे, अशी बातमी कोकणापर्यंत आली होती. चार पैसे दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, जमलं तर काशीही होईल. आजच्या भाषेत सांगायचं तर चक्क ऑनसाइट असाइनमेंट! :) 'स्वतःचा शोध' वगैरे भानगड कुठेच नाही.

मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली होती खरी, पण उत्तरेत जायला अजून रस्ता आणि पाय एवढंच होतं. महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटले आणि पुढे काय पेटणार आहे ते कळलं. माणसाने मागे फिरावं की नाही? हे दोघे पुढेच गेले. रिकाम्या हाताने घरी जाऊन सावकाराला काय सांगणार?

पुढचं थोडंफार सगळ्यांना ठाऊक असतं. भटजी झाशीला राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला होते. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं आणि कत्तल, जाळपोळ, लूट सुरू झाली. हे दोघे लपून जिवानिशी वाचले, पण गाठीला बांधलेली दक्षिणा गेली. नंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी दिसली, धुळीने माखलेली आणि तहानलेली. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे झाले, तर तिने विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा घ्यायला नकार दिला आणि स्वतःच पाणी काढून ओंजळीने प्यायली. आपल्यासाठी पुस्तकाचा कळस तो हा.

पण भटजींच्या हिशेबात कळस वेगळा आहे. एवढं सगळं होऊनही ते काशीला गेले, गंगेचं पाणी भरून घेतलं, ती कावड खांद्यावर घेऊन वरसईला आले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. त्यांचा प्रवास तिथे पुरा झाला. कर्ज फेडायच्या दृष्टीने पाहिलं तर ट्रिप पूर्ण तोट्यात. पण झाशीत सोनंनाणं लुटता आलं, गंगाजल कोण लुटणार? घरी पोचली ती नेमकी तीच वस्तू, जिला वाटेत कुणाच्याच लेखी किंमत नव्हती.

आता गंमत बघा. आपण ज्याला मुख्य ऐवज समजतो, तो वृत्तान्त भटजींनी लगेच लिहिलासुद्धा नाही. चिंतामण विनायक वैद्यांनी आग्रह केला तेव्हा, म्हणजे वीसेक वर्षं उलटून गेल्यावर, त्यांनी तो लिहून काढला. इंग्रज सरकारची भीती होतीच. वैद्यांनी संपादित केलेलं पुस्तक १९०७ साली आलं ते भटजींच्या मृत्यूनंतर, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. म्हणजे लेखकाने आपल्या पुस्तकाची छापील प्रत पाहिलीच नाही. आपल्याकडे उलटं असतं. विमान टेकायच्या आत फोटो अपलोड झालेले असतात आणि घरी फोन करायचा राहिलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, 'अरे पण आपण आज ते पुस्तक १८५७ साठी वाचतो, कावडीसाठी नाही. पाणीच हवं असेल तर पोस्ट खातं २०१६ पासून गंगाजलाची बाटली विकतंय.' अगदी बरोबर. म्हणूनच तर मुद्दा पाण्याचा नाही. पोस्टाच्या बाटलीत आणि त्या कावडीत पाणी तेच असेल, पण कावडीत मुलाचे शेकडो कोस मिसळलेले होते, आणि ते कोस त्याने स्वतःसाठी चाललेले नव्हते.

मला वाटतं, जुन्या प्रवासाचा अर्थ इथे आहे. जाणारा एकटा असायचा, पण प्रवास अख्ख्या घराचा असायचा. आईवडिलांना काशी घडणं शक्य नव्हतं, म्हणून काशी खांद्यावरून त्यांच्या दारात आली. या मापाने पाहिलं तर सहा महिने भटकणाऱ्या मित्रापेक्षा भावाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी न्यू जर्सीत दोन हिवाळे काढणारा मित्र मला गोडसे भटजींच्या जास्त जवळचा वाटतो. त्याला आपण 'डॉलरच्या मागे लागलेला' म्हणतो, आणि पहिल्याला 'खरा प्रवासी'. हा काही न्याय नव्हे.

स्वतःसाठी फिरू नका असं मी म्हणत नाहीये. जरूर फिरा, मीही फिरतो. फक्त त्याला पूर्वजांचा दाखला जोडू नका. आणि पुढच्या वेळी परतीचं तिकीट काढताना एकदा विचार करून पाहा, जे लोक येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी आपण काय उचलून आणतोय? विमानतळावरची चॉकलेटं धरायची नाहीत हं!