दुरुस्त झालेला अँप्लिफायर पुन्हा का कुरकुरतो?

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या महादेवपुरा भागातील अनेक वसाहतींत पावसाचे पाणी शिरले. अशा पाण्यात भिजलेला अँप्लिफायर वाळवून, खराब भाग बदलून मेकॅनिककडून घरी येतो. चार दिवस छान वाजतो आणि हवा दमट झाली की पुन्हा कुरकुर, घरघर सुरू होते. मग पुन्हा नवे ट्रान्झिस्टर, पुन्हा खर्च. पण दोष पुष्कळदा सुट्या भागांत नसतोच. ज्या सर्किट बोर्डावर ते भाग बसवले आहेत, तो बोर्डच वीज झिरपू देत असतो.

बोर्डावरील दोन तांब्याच्या पट्ट्यांमधून वीज जाता कामा नये. पण तेथे मळ साचला की चोरवाट तयार होते. समजा, ३० व्होल्टची पट्टी आणि अँप्लिफायरचा इनपुट यांच्यामध्ये मळामुळे १० लाख ओहमची वाट झाली. ऐकायला हा अडथळा फार मोठा वाटतो. पण इनपुटला जमिनीशी जोडणारा रेझिस्टर ४७ हजार ओहमचा असेल, तर तेवढ्यानेही इनपुटवर सुमारे १.३ व्होल्ट येतात. आवाज बिघडायला एवढे पुरे!

हा मळ कसला? पुराच्या पाण्यातील क्षार, सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स, जुन्या कपॅसिटरमधून गळलेला द्रव किंवा भाग पक्के करणारा आणि वयाने तपकिरी झालेला गोंद. जळून कोळसा झालेला बोर्डही वीज वाहून नेतो.

म्हणून नवे भाग घालण्याआधी मेकॅनिकला बोर्ड धुवायला सांगा. आधी प्लग काढून मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करायला हवेत, कारण प्लग काढल्यावरही ते झटका देऊ शकतात. क्षार निव्वळ अल्कोहोलने नीट निघत नाहीत. त्यामुळे प्रथम डिस्टिल्ड वॉटर, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरावा. विरघळलेला मळ वाळण्यापूर्वीच टिपून घ्यावा, नाहीतर तो बोर्डभर पसरतो. हे अल्कोहोल चटकन पेट घेते, तेव्हा गरम सोल्डरिंग आयर्न दूर ठेवावे. तपकिरी गोंद आणि काळा पडलेला भाग खरवडून काढावा. मग बोर्ड पूर्ण वाळू द्यावा.

सेट प्रथम सुरू करताना मेन्सच्या वायरमध्ये ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब सीरिजमध्ये जोडतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो प्रखर पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवरचा डी. सी. व्होल्टेजही मोजायला सांगा. साधारणपणे तो काही मिलिव्होल्टच असावा. जास्त असेल तर स्पीकरची कॉइल जळू शकते.

आवाजातील कुरकुर एक वेळ सहन होईल, पण सेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर तो त्याच क्षणी बंद करा. प्लग उलटा घालून पाहणे हा त्यावर उपाय नव्हे. भिजलेल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन मेगरने तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू नका आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवून घ्या. झटका बसताच तो क्षणात वीज तोडतो. स्पीकर नवा आणता येतो, पण ओल्या हाताने सेटचे बटण दाबणाऱ्या मुलाच्या जिवाशी खेळ नको.