नोकरी गेली? मग पुरावा आणा!

"अमेरिकेत काय बुवा, नोकरी गेली तरी सरकार पोसतं!" हे वाक्य पुण्यात ऐकू येतं, तसंच इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या पंगतीतही. त्यामागोमाग दुसरं ठरलेलं: "आउटसोर्सिंगच्या नावाने ओरडतात, पण त्यासाठी त्यांना खास मदत मिळते की!"

मंडळी, ही 'खास मदत' कुणाला मिळायची, ते जरा बघूया.

तिचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. १९६२ साली केनेडींच्या काळात ती सुरू झाली. कल्पना चांगली होती. परदेशी व्यापार खुला केला की देशाचा एकूण फायदा होतो, पण काहींच्या पोटावर पाय येतो. तेव्हा फायद्यातला थोडा वाटा त्यांना द्यायचा. नवं काम शिकायचा खर्च, शिकेपर्यंत भत्ता, वगैरे. थोडक्यात, हा एक सौदा होता. तुम्ही व्यापाराला विरोध करू नका, आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही.

आता गंमत बघा. १९६९ पर्यंत, म्हणजे तब्बल सात वर्षं, कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! आयात वाढली ती मुख्यतः सरकारने दिलेल्या जकात-सवलतीमुळेच आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्या आयातीमुळेच, असं दोन्ही सिद्ध करायला लागायचं. १९७४ च्या कायद्याने अट सैल केली, पण मूळ प्रश्न तोच राहिला: तुझी नोकरी नक्की कुठे गेली, दाखव.

हे कामगाराने कुठून दाखवायचं? कुठलं काम कुठे हलवलं, कुठल्या गिऱ्हाइकाने परदेशी माल घेतला, हे कंपनीला ठाऊक. खातं कंपनीकडूनच माहिती मागवायचं आणि ती गोपनीय! ज्याने काढलं, त्याच्याच कागदावर काढलेल्याची पात्रता ठरणार.

प्रोग्रामर लोकांची कथा तर आपल्या फारच जवळची. २००२ नंतर त्यांच्या नोकऱ्या भारतात यायला लागल्या, तेव्हा त्यांनी अर्ज केले. उत्तर आलं, कायद्यात 'वस्तू' असा शब्द आहे, आणि सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हे. सीडीवर घालून पाठवलं तर वस्तू, तारेतून पाठवलं तर नाही! लोक कोर्टात गेले, कोर्टाने खात्याला फटकारलं, तेव्हा कुठे २००६ मध्ये खात्याने सॉफ्टवेअरला वस्तू मानलं. कॉल सेंटरवाले मात्र बाहेरच, कारण ते 'सेवा' देतात.

आणखी एक. २००२ च्या नियमात कारखाना मेक्सिकोला हलवला तर कामगार पात्र, कारण मेक्सिकोशी व्यापार करार होता. तोच कारखाना भारतात किंवा चीनमध्ये हलवला, तर आयात वाढली किंवा वाढणार आहे हेही वेगळं दाखवा. घरी बसलेल्या माणसाला या दोन देशांत काय फरक पडतो हो?

२००९ मध्ये सेवा क्षेत्राला आत घेतलं. २०१४ मध्ये बाहेर काढलं. २०१५ मध्ये परत आत, २०२१ मध्ये परत बाहेर. आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करणंच थांबलं, कारण संसदेने मुदत वाढवली नाही. २०२५ मध्ये याच कामगारांच्या नावाने जगभरच्या मालावर जकात चढवली, पण त्या वर्षीही हे दार उघडलं नाही.

"असल्या मदतीचा उपयोग तरी काय?" असं विचारणारे असतात. बेंजामिन हायमन या अर्थतज्ज्ञाने हेच तपासलं. काही तपासनीस उदार, काही कडक. अर्ज कुणाच्या टेबलावर गेला यावर बरंच अवलंबून. त्या फरकावरून त्याने हिशेब मांडला, तेव्हा मदत मिळालेल्यांची दहा वर्षांतली कमाई सुमारे ५०,००० डॉलरने जास्त निघाली. म्हणजे उपयोग होता. तो कुणाच्या पदरात पडेल, हे मात्र नशिबावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्रामुळे नोकरी गेलेल्याला काही नाही, मग व्यापारामुळे गेलेल्याला वेगळा न्याय का? अगदी मान्य! पण त्याचं उत्तर सगळ्यांना मदत देणं हे आहे, सगळ्यांची बंद करणं हे नव्हे. नोकरी गेली, पुन्हा उभं राहायचंय, शिकायची तयारी आहे, एवढं पुरे असायला हवं. नोकरी कुठल्या देशात गेली, याची चौकशी त्या माणसाकडे कशाला?

आता आपल्याबद्दल. हिंजवडीतले टॉवर, एच-वन-बीवर आलेली आपली घरं, हे सगळं त्याच खुल्या व्यापाराच्या जिवावर. आपण कष्ट केले, कुणाचं चोरलं नाही, खरंच. पण त्या सौद्यात आपली बाजू पाळली गेली आणि समोरच्याची मोडली. ज्यांचा फायदा झाला त्यांनीच "त्यांना मिळतंय की" म्हणून पान पुढे ओढायचं, हे बरं दिसत नाही. आपल्यातले कित्येकजण आता इथे मतदार आहेत. व्यापार खुला ठेवा असं आपल्या खासदाराला सांगताना, ज्यांची नोकरी गेली त्यांना पुरावा न मागता हात द्या, हेही त्याच दमात सांगायला हवं. नाहीतर उद्या आपलं काम दुसरीकडे गेलं, की तोच फॉर्म आपल्या हातात असेल.