बाद ठरलेली फ्रेम

आज १९ ऑगस्ट, जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये, विज्ञान अकादमी आणि ललित कला अकादमीच्या संयुक्त बैठकीत, लुई डागेरची छायाचित्रणाची कृती जगापुढे खुली झाली. त्याच्या आदल्याच वर्षी डागेरने खिडकीतून एक रस्ता टिपला होता. तेव्हा चित्र उमटायला काही मिनिटे लागत. त्यामुळे धावत्या घोडागाड्या आणि चालती माणसे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर आलीच नाहीत. भर वस्तीतला रस्ता ओस दिसतो. खाली डाव्या बाजूला मात्र एक जण बुटांना पॉलिश करून घेत उभा आहे. तेवढाच स्थिर राहिला आणि छायाचित्रात दिसलेला पहिला माणूस ठरला. रस्ता पाहणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो.

या दिवशी उत्तम छायाचित्रांची प्रदर्शने भरतात, स्पर्धांचे निकाल लागतात. मला आज न निवडलेल्या फोटोंबद्दल लिहायचे आहे.

सव्वीस वर्षे मी वृत्तपत्रांसाठी फोटो काढले. संध्याकाळी सातला कार्यालयात पोहोचायचे आणि आठच्या आत एक फोटो पानावर द्यायचा. रोलच्या काळात कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलने दोन फ्रेमना खूण व्हायची; उरलेल्या चौतीस निगेटिव्हच्या पाकिटात. डिजिटल आल्यावर पाकिटाच्या जागी सीडी आली, एवढेच. निवड करणारा बहुतेक वेळा मीच, आणि निकषही ठरलेले: गर्दी दिसली पाहिजे, चेहरा उजळ पाहिजे, फोटो दोन कॉलमांत बसला पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवायला घेतल्या. काहींवर बुरशीचे ठिपके पडले होते, तीन तर उघडल्याच नाहीत. २००७ च्या आषाढी वारीची सीडी शाबूत निघाली. त्या साली निकॉन डी-७० घेऊन पालखीबरोबर चाललो होतो. तेव्हा छापून आलेला फोटो नेहमीचाच, दिवे घाटाचा: वरून टिपलेली दिंड्यांची नागमोडी रांग आणि भगव्या पताका. तो मागे टाकला आणि पुष्कळ पुढे गेल्यावर एका फ्रेमपाशी थांबलो. एक म्हातारी वारकरी रस्त्याकडेच्या दगडावर बसली आहे. डोक्यावरचे तुळशीवृंदावन उतरवून शेजारी ठेवले आहे. डावी टाच मांडीवर घेऊन ती भेगेत काहीतरी भरते आहे. चेहरा जवळजवळ काळा, मागे नुसता अंधार. बाद करावी अशीच फ्रेम.

नशिबाने जेपीजीबरोबर रॉ फाइलही ठेवली होती. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात. त्या कॅमेऱ्याची रॉ फाइल १२ बिटची, म्हणजे ४,०९६ छटांचा हिशेब. जेपीजीत जो काळा डाग दिसतो त्याच्या पोटात रॉमध्ये बऱ्याचदा चित्र शिल्लक असते, आणि आजची सॉफ्टवेअर ते तेव्हापेक्षा कितीतरी स्वच्छ बाहेर काढतात. मी सावल्या हलक्या हाताने उघडत गेलो. आधी तिच्या बोटांतला पांढुरका खडा दिसला, बहुधा कोकमतेलाचा. मग कपाळावरचा बुक्का. मग मागचा अंधार उजळला, तर तो अंधार नव्हताच. ते वडाचे खोड होते. त्याच्यामागे दुसरे, तिसरे. पारंब्यांखाली उभा एक ट्रक, आणि ट्रकच्या फळीवर रंगवलेला दिंडीचा क्रमांक.

ते वड आता नाहीत. पालखी महामार्गाच्या रुंदीकरणात गेले. त्या सावलीत बसून मीही पाणी प्यायलो असेन, पण ती टिपून ठेवावी असे मनात आले नाही. झाडे रोजचीच होती. त्या संध्याकाळच्या पानाला जे हवे होते ते मी निवडले. पुढे कशाची चुटपुट लागणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक असते?

न्यूयॉर्कचे छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड काढलेले रोल वर्ष-वर्ष धूत नसत. फोटो काढतानाचा आनंद निवडीत मिसळतो, तो ओसरू द्यावा, अशी त्यांची धारणा होती. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. आपल्याकडे रघू राय यांनी १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लोटलेल्या निर्वासितांचे फोटो काढले. त्यातल्या निगेटिव्ह चाळीसेक वर्षे नजरेआड राहिल्या. सापडल्यावर २०१३ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. एका देशाच्या जन्माची साक्ष इतकी वर्षे कुणी न पाहता पडून होती, हे मनाला लागते.

जुना फोटो उजळताना हात कुठे थांबवायचा, हा प्रश्न दर वेळी समोर येतो. अॅन्सेल अॅडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्र टिपला आणि पुढे अनेक दशके त्याच निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिले. आकाश उत्तरोत्तर अधिक काळे होत गेले. चंद्र मात्र होता तिथेच राहिला. मीही तीच मर्यादा मानतो. माझ्या फ्रेमच्या उजव्या कडेला एक प्लॅस्टिकचा पेला पडला आहे. तो पुसायला हल्ली एक क्लिक पुरते. मी तो पुसला नाही. २००७ च्या वारीत प्लॅस्टिकचे पेले होते.

घरोघरच्या कपाटांतही हेच आहे. लग्नाच्या अल्बमात सगळे नवरानवरीला पाहतात. पंगतीच्या फोटोत मागे जिलबीचे ताट घेऊन वाकलेल्या आत्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि कधी कधी तिचा तेवढाच फोटो असतो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे घरातले अल्बम येत होते. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की वेगळे करता येत नाहीत. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, तर ती फिल्म विरायला लागली आहे असे समजावे. स्कॅन करायला दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू नये. आणि फिल्मच्याही आधी नावे जातात. फोटोतली माणसे ओळखणारे जे एक-दोन जण घरात उरले आहेत, त्यांच्याजवळ या रविवारी बसावे आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून घ्यावे. रंग नंतरही दुरुस्त करता येतात.

यंदा आषाढात तो प्रिंट घेऊन मी ती दिंडी गाठली. ट्रकवरचा क्रमांक हाताशी होताच. खाली ओळ टाइप केली होती: ‘विसावा, नातेपुते, २००७’. दिंडीचालक बुवांच्या हातात फोटो दिला आणि म्हातारीचे नाव कळेल म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बुवांनी आधी झाडांवर बोट ठेवले. म्हणाले, “माउली, हितं आमची दुपारची पंगत बसायची. आता ताडपत्री बांधावी लागती.” भोवती माणसे जमली, फोटो हातोहात फिरला. एका बाईंनी तो अगदी डोळ्यांजवळ नेला. “ही तर आमची आक्का. चार वर्षं झाली जाऊन.” त्यांनी सांगितलेले पूर्ण नाव मी मागच्या बाजूला लिहून घेतले. फोटो पुन्हा बुवांकडे आला तेव्हा त्यांनी खालची ओळ वाचली आणि मान हलवली.

“हे नातेपुतं न्हाई, माउली. ही अलीकडची धर्मपुरी.” त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि ‘नातेपुते’वर काट मारली.