घरचे रसायन : येराबीच्या काठावरचे बाप्पा

मंडळी, गेल्या अंकात लोणच्यातल्या मिठावर लिहिले तेव्हा कौतुकाचे चार फोन आले होते. या वेळी येतील ते रागाचे असतील, अशी तयारी ठेवून लिहायला बसलो आहोत. विषय विसर्जनाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून चार टॉवेलांत गुंडाळून एक मूर्ती आणली. दीड दिवसाने संध्याकाळी येराबी पाँडवर गेलो. शेजारून लोक कुत्री फिरवत होते, म्हणून आरती हळू आवाजात म्हटली, ‘मोरया’सुद्धा कुजबुजत. मूर्ती पाण्यात सोडली आणि मागे न पाहता गाडीत बसलो. महिन्याभराने त्याच काठावर पाण्याचे नमुने घ्यायला गेलो, तर बाप्पा तिथेच. रंग उडालेला, सोंड तुटलेली, लव्हाळ्यात अडकलेले. मुलगी बरोबर होती. तिने विचारले, “बाबा, बाप्पा गावाला गेलेच नाहीत?” आमच्या डॉक्टरेटचा त्या क्षणी काडीचा उपयोग झाला नाही.

शास्त्रीय उत्तर साधे आहे. प्लास्टरची मूर्ती म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, तेही पाणी हलत असेल तर. तळ्याच्या कडेला पाणी कुठले हलायला! वरचे रंग आणि चमकी तर विरघळण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. ती गाळात जाऊन बसतात.

नमुन्यांचे सांगायचे राहिले. इथे वॉटरवॉच नावाचा उपक्रम आहे. सरकारी मदतीने चालतो. पेटी मिळते, शिकवतात आणि आपल्यासारख्या हौशी लोकांकडून दरमहा झऱ्या-तळ्यांचे पाणी तपासून घेतात. गढूळपणा, आम्लता, विरघळलेला ऑक्सिजन, फॉस्फरस, नायट्रेट असे सगळे. पीएच.डी. लागत नाही, गमबूट लागतात. जमलेल्या आकड्यांवरून दरवर्षी प्रत्येक ओढ्याचे प्रगतिपुस्तक निघते. आपल्या मंडळातल्या शाळकरी मुलांना याची गोडी लागेल असे आम्हाला वाटते. त्यांच्या आईवडिलांना लागेल की नाही, ते शनिवारी सकाळी कळेल.

आता कोणी म्हणेल, येराबीचे पाणी आपण थोडेच पितो? बरोबर आहे. आपल्या नळाला येते ते कॉटर नदीवरच्या कोरिन, बेंडोरा आणि कॉटर धरणांचे, शिवाय गूगाँगचे. कॉटरचा वरचा डोंगराळ भाग राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे वस्ती नाही, त्यामुळे पाणी मुळातच स्वच्छ. ते किती नाजूक आहे हे 2003 च्या जानेवारीत कळले. वणव्यात ते डोंगर जळाले, पुढच्या पावसात राख आणि माती वाहून धरणांत उतरली, आणि माऊंट स्ट्रोमलोवर नवे शुद्धीकरण केंद्र बांधावे लागले. झाडी शाबूत होती तोवर ते काम रान फुकटात करत होते.

येराबीचे पाणी मात्र गिनिंडेरा क्रीकने पुढे जाते, बेलकोनेनच्या तलावातून, धबधब्यावरून मरम्बिजी नदीला मिळते. मरम्बिजी बरिंजक धरणातून पुढे निघते आणि जुगिओंगजवळ तिचे पाणी उचलून, शुद्ध करून यंग आणि कूटामुंड्राच्या बाजूच्या गावांना पाजतात. पुणेकरांना हे चित्र ओळखीचे वाटावे. मुळा-मुठेत आपण जे सोडत आलो ते भीमेने उजनीला पोचवले आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. आमची मावशी सोलापूरची. ती पुण्याला आली की पहिल्याच चहाला हा विषय काढत असे.

इथे मैलापाण्याची वाहिनी वेगळी आहे. ते पाणी शुद्ध करूनच नदीत सोडतात. फसगत होते ती रस्त्याकडेच्या जाळीची. त्या जाळीतून जाते ते सरळ तळ्यात, मध्ये कोणतेही केंद्र नाही. आपण ड्राइव्हवेवर गाडी धुतो तो फेस, हिरवळीला टाकलेले जास्तीचे खत, आणि मुख्य म्हणजे शरदातली पाने. पाने नैसर्गिक, त्यांनी काय होणार? पण चहाची पत्ती कपात घातल्यासारखेच आहे. ओल्या गटारात पडलेल्या पानांतून फॉस्फरस उतरतो आणि उन्हाळ्यात त्यावर निळे-हिरवे शेवाळ पोसते. मग काठावर ‘पाण्यात उतरू नका’ची पाटी लागते.

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीला नगरपालिका नाही. 1989 पासून राज्याचे आणि गावाचे दोन्ही कारभार एकच एसीटी सरकार पाहते, त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायची त्यांना सोय नाही. आपले येराबीसुद्धा शोभेचे तळे नव्हे. पावसाचे गढूळ पाणी थांबून गाळ खाली बसावा म्हणून ते बांधले आहे. 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ओ’कॉनर, डिक्सन आणि लायनहॅमला पाणथळ जागा मुद्दाम तयार केल्या. पुढे केंद्र आणि एसीटी यांनी मिळून 9 कोटी 35 लाख डॉलरची योजना केली; तिच्यात तळी, पाणथळी, झिरपबागा झाल्या. एवढा पैसा घालून गाळ अडवायचा आणि आपण त्यात चमकी टाकायची, हे आम्हाला काही बरे दिसत नाही.

पुण्याने या बाबतीत चांगले काम केले आहे, तेही सांगितले पाहिजे. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवण्याची पद्धत काढली आणि महानगरपालिकेने ती पावडर लोकांना फुकट वाटली. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घ्यायची. आम्ही हिशेब करून पाहिला : 172 भाग जिप्समला 158 भाग पावडर लागते, म्हणजे जवळजवळ बरोबर. अधूनमधून ढवळत दोन दिवस ठेवले की खाली खडू बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचे पाणी राहते, म्हणजे खतच. भरपूर पाणी मिसळून ते बागेला घालावे. जाळीत मुळीच नाही. गॅरेजचे दार उघडे ठेवावे. वास असा सुटतो की आमच्या घरी दोन दिवस कोणी आमच्याशी बोलले नाही.

शाडूची मूर्ती केव्हाही चांगली, पण शाडूनेही पाणी गढूळ होतेच. म्हणून या वर्षी मंडळाचे विसर्जन हॉलच्या मागे मोठ्या हौदात करावे, असे समितीत ठरले आहे. निर्माल्य वेगळ्या टोपलीत. प्लास्टिकची फुले आणि दोरे घरीच काढून आणावेत. टोपलीतले आमच्या कंपोस्टमध्ये जाईल. काही ज्येष्ठांना वाहत्या पाण्याशिवाय विसर्जन पटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या आईलाही पटले नव्हते. तिने हौदात कॉटरच्या नळाचे एक तांब्या पाणी स्वतःच्या हाताने ओतले, नमस्कार केला, आणि म्हणाली, “हीपण नदीच की.”

आरती या वेळी मोठ्याने म्हणता येईल. हौद सध्या आमच्या गॅरेजमध्ये आहे आणि जड आहे. उचलायला चार जण हवे आहेत. दोघांनी होकार दिला आहे.