मॅच होती? कुणाची?

दोन वर्षं मी तिच्या शेजारच्या कॉटवर झोपले. पहाटे साडेपाचला तिचा अलार्म वाजायचा आणि मी उशी डोक्यावर घेऊन कुरकुरायचे, 'बंद कर ना गं.' ती अंधारातच बूट घालून निघायची. संध्याकाळी यायची तेव्हा गुडघे सोललेले, केसांत माती. ती खो-खो खेळते हे मला माहीत होतं. आपल्या युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये आहे, हेही माहीत होतं. तिचा तो युनिव्हर्सिटीचं नाव लिहिलेला ट्रॅकसूट थंडीत मी दोन-तीनदा ढापलाही होता. पण तिची मॅच? एकही बघितली नव्हती.

ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती गेल्या हिवाळ्यात. तेव्हा मी इंटर्नशिपला नुकतीच लागले होते. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ खो-खो स्पर्धा आमच्याच कॅम्पसवर होती. डेस्कवरच्या सरांनी सांगितलं, 'तुमच्याकडेच आहे ना? सेमीफायनलची ऐंशी शब्दांत बातमी दे.' मी रूमवर येऊन मोठ्या उत्साहात सांगितलं, 'अगं, उद्या मी तुझ्या मॅचला येतेय, कव्हर करायला!' ती बुटांच्या नाड्या सोडवत होती. वर न बघता म्हणाली, 'अरे वा. म्हणजे काम असल्यावर येणार.'

टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले. बातमीत 'प्रेक्षकांच्या प्रचंड उपस्थितीत' असं लिहायचा मोह होऊ नये, म्हणून डोकी मोजली. एक्केचाळीस. त्यातले निम्म्याहून जास्त इतर टीमचे खेळाडू, आपली मॅच व्हायची वाट बघत बसलेले. बाकीचे कोच, मॅनेजर, पंच आणि चहावाले काका. मैदानापासून चालत पाच मिनिटांवर आमचं कॅन्टीन. तिथे त्या वेळी शंभर-दीडशे पोरं सहज बसलेली असणार, आणि त्यातली निम्मी मोबाइलवर कुठल्या तरी जुन्या आयपीएल मॅचचे हायलाइट्स बघत असणार. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण आदल्या दिवशीपर्यंत मीही त्यांच्यातच होते.

मॅच सुरू झाली. खो-खो इतक्या जवळून बघितला नसेल तर एकदा बघाच. खांबाजवळ सूर मारून गडी टिपतात तेव्हा जमिनीचा आवाज आपल्या पोटात येतो. माझी रूममेट संरक्षणाला उतरली. रूमवर बादली उचलायची तर 'कंबर गेली माझी' म्हणणारी ही मुलगी पाटीवरच्या आठ जणींना चकवत, वेड्यावाकड्या रेषा काढत पळत होती. मला राहवलं नाही. नोटपॅड खाली ठेवलं आणि तिचं नाव घेऊन जोरात ओरडले. शेजारच्या कोचनी दचकून बघितलं. पत्रकाराने ओरडायचं नसतं, हे तेव्हा आठवलं नाही.

आमची टीम एका गुणाने हरली. रात्री रूमवर बर्फ लावत बसली होती तेव्हा ती म्हणाली, 'कुणीतरी नाव घेऊन ओरडलं ना, की शेवटी दम संपतो तेव्हाही पाय पळतात. आम्ही हरलो तर आम्हालाच माहीत असतं आणि जिंकलो तरी आम्हालाच.'

ऐंशी शब्दांची बातमी दिली. जागा कमी पडली म्हणून पंचेचाळीस शब्दांची छापून आली. त्यात तिचं नाव आणि संरक्षणाची वेळ होती. तिने ते कात्रण प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. पाच वर्षं खेळणाऱ्या मुलीच्या त्या फोल्डरमधलं ते तिसरं कात्रण होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आपण सगळे कुणाचे ना कुणाचे फॅन आहोत. मुंबई की चेन्नई यावर आपण मैत्री तोडायला निघतो. रात्री साडेबाराला लंडनमधल्या फुटबॉल क्लबसाठी जागतो. मग जिच्या आयकार्डवर आपला फोटो आहे त्या युनिव्हर्सिटीच्या एकाही टीमचे आपण फॅन का नाही?

'आपल्या युनिव्हर्सिट्या खेळात काही करतच नाहीत' हे उत्तर लगेच येईल. थांबा. २०२० च्या फेब्रुवारीत भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाली. देशभरातल्या युनिव्हर्सिट्या उतरल्या होत्या. शेवटी चंदीगडची पंजाब युनिव्हर्सिटी आणि आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, दोघांचीही सुवर्णपदकं सतरा-सतरा. पंजाबची रौप्यपदकं जास्त म्हणून ते पहिले, पुणे दुसरं. सोन्यात बरोबरी, चांदीवर हुकलेलं देशाचं विजेतेपद! हे क्रिकेटच्या वर्ल्ड कपमध्ये झालं असतं तर आजही पारावर त्यावर वाद झडले असते. मी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या दहा मित्र-मैत्रिणींना विचारलं. नऊ जणांना अशी काही स्पर्धा असते हेच माहीत नव्हतं. दहावा म्हणाला, 'बहुतेक आपण जिंकलो होतो ना?'

आणि हे आजचंच नाही, याला मोठा वारसा आहे. युनिव्हर्सिटी क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासून आहे. अजित वाडेकरांनी मुंबई विद्यापीठाकडून त्यात ३२४ धावा ठोकल्या होत्या. तो विक्रम पुढे मुंबई विद्यापीठाच्याच एका पोराने ३२७ करून मोडला. त्याचं नाव सुनील गावसकर. तो कसोटीत उतरायच्या आधी कॉलेजच्या पोरांनी त्याला बघितलेलं होतं. आज आपल्या शेजारच्या वर्गात असा कुणी बसत असेल तर आपल्याला तो कळणार कधी? लिलावात बोली लागल्यावर.

आता दुसरं टोक बघा. नेब्रास्का हे अमेरिकेतलं शेतीवर चालणारं राज्य. मका, सोयाबीन, गुरं. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी. ३० ऑगस्ट २०२३ ला तिथल्या युनिव्हर्सिटीने आपल्या फुटबॉल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉलचं कोर्ट टाकलं. मॅच मुलींची. समोर ओमाहाची युनिव्हर्सिटी. प्रेक्षक किती? ९२,००३. पुन्हा वाचा. कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉलला ब्याण्णव हजार माणसं.

तिथल्या माणसांचं नातं मॅच संपल्यावर संपत नाही, हे मला जास्त भारी वाटतं. केटलिन क्लार्क ही आयोवा युनिव्हर्सिटीची बास्केटबॉलपटू. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उघड्या स्टेडियममधला तिचा सरावाचा सामना बघायला ५५,६४६ लोक आले. पुढच्या वर्षी ती व्यावसायिक लीगमध्ये गेली, तर आयोवाची माणसं तिच्या नव्या टीमच्या मॅचला जुन्या युनिव्हर्सिटीचे टी-शर्ट घालून जायला लागली. तिने कॉलेज सोडलं, पण ती 'आपली'च राहिली.

अमेरिकेतलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. त्या गर्दीमागे तिकिटांचा आणि टीव्हीच्या करारांचा अफाट पैसा आहे. आणि ज्यांच्या जिवावर तो उभा राहिला त्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा २०२१ पर्यंत नव्हती. तो पैसा आपल्याकडे नाही, आणि तसाच यायला हवा असंही नाही. पण ब्याण्णव हजारांतला शेवटचा आकडा बघा. तीन. त्या तिघांसारखं मैदानावर जाऊन बसायला पैसा लागत नाही. आपल्याकडे तर तिकीटही नसतं.

'आधी सुविधा द्या, मग प्रेक्षकांचं बोला,' असं कुणी म्हणेल. मुद्दा बरोबर आहे. मैदानं खराब आहेत, प्रवासात पोरांचे हाल होतात, स्पर्धेहून आलं की अटेंडन्सचं रडगाणं सुरू होतं. माझ्या रूममेटने एका सेमिस्टरला 'खेळायला गेले होते' याचे दाखले घेऊन चार खिडक्यांचे उंबरे झिजवले. पण हे बदलावं म्हणून बोलणार कोण? ज्याने मैदान बघितलंच नाही, त्याला तिथे खड्डा आहे हे कळणार कसं? लायब्ररीत पंखा बंद पडला तर आपण निवेदन देतो, कारण आपण तिथे बसतो. मैदानाच्या कडेला आपण बसतच नाही, म्हणून मैदानाचं काहीच आपल्याला टोचत नाही. माझ्या मते प्रेक्षक ही सुविधांनंतर येणारी गोष्ट नाहीच. प्रेक्षक असले की सुविधा मागायला तोंडं तयार होतात.

यात आम्हा बातमीवाल्यांचाही वाटा आहेच. वाचक नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून वाचक नाही. हे चक्र मी आतून बघतेय आणि ते एका इंटर्नने तुटणार नाही. तुम्ही विचारायला लागलात तर मात्र तुटेल.

आणि माजी खेळाडूंचं काय? आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचविशीपर्यंतच खेळता येतं. नंतर ही पोरं जातात कुठे? काही जण पोलीस भरतीच्या रांगेत उभे राहतात, काही जण सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाच्या फायली घेऊन फिरतात, काही मुली लग्न होऊन मैदानच सोडतात. थोडेच वर पोचतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर. दोघंही महाराष्ट्राचे. दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसला तेच होते. तिसऱ्या दिवशी आपण पुढे सरकलो.

पण आपल्याच मातीत याच्या उलट उदाहरणही आहे. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. ही गोष्ट आपण 'त्याग' म्हणून ऐकतो. मला ती आता वेगळी दिसते. आपल्या कॉलेजात शिकलेल्या पोरावर त्याच्या पदकाच्या आधी विश्वास ठेवणारा एक माणूस होता. फॅन म्हणजे आणखी वेगळं काय असतं? पदकानंतर तर बैलगाड्यांची मिरवणूकही निघते.

घर गहाण ठेवायला तुम्हाला कुणी सांगत नाहीये. एक टीम धरा, एवढंच. आपल्या युनिव्हर्सिटीची, कुठल्याही खेळाची. जिमखान्यात जाऊन वेळापत्रक विचारा, कारण ते बहुधा नोटीस बोर्डावर कुठल्या तरी कागदाखाली दबलेलं असतं. कॉलेजच्या इन्स्टा पेजवर फ्रेशर्स पार्टीच्या शंभर फोटोंमध्ये एक स्कोअर टाका. वर्षातून दोन मॅचना जा. खेळाडूंची नावं पाठ करा, कारण 'कम ऑन' पेक्षा नाव लवकर पोचतं. आणि त्यातल्या एखाद्याला कॉलेज संपल्यावरही धरून ठेवा. 'काय चाललंय, खेळतोयस ना अजून?' एवढा मेसेजही पुष्कळ झाला.

माझी रूममेट मे महिन्यात हॉस्टेल सोडून गावी गेली. वयाची अट संपली, आता भरतीची तयारी करतेय. पहाटे साडेपाचला तिकडे अलार्म वाजत असणार. इकडे मला कधीकधी त्याच वेळी उगाच जाग येते. जाताना तो ट्रॅकसूट ती मला देणार होती. मी घेतला नाही. तो कमावलेला असतो, ढापलेला पुरे.

परवा तिचा मेसेज आला. 'या वर्षीची टीम बघायला जाणार आहेस ना? की काम असल्यावरच? नव्या पोरी आहेत, घाबरतात पहिल्यांदा. नावं पाठवते.'

बारा नावं आली आहेत. पाठ करतेय.