हवा काढून टायर वाचत नाही

भिवंडीत हौसेने गाडी चालवणाऱ्या मुलांमध्ये ज्यांचा शब्द चालतो, अशा एका गृहस्थांचं टायरशास्त्र सध्या अंजूरफाट्यापासून पडघ्यापर्यंत तोंडोतोंडी फिरतं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. उन्हाळ्यात आतली हवा फुगते, म्हणून ती मुद्दाम कमी ठेवावी, मग टायर फुटत नाही. नायट्रोजन भरला की तापण्याची काळजी मिटली. आणि घाट लागण्याआधी गाडी डावी-उजवी झुलवून टायर गरम करून घ्यावेत, शर्यतीत करतात तसे.

नायट्रोजनचं लगेच संपवतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोघांचा दाब जवळपास सारखाच वाढतो. गाडी झुलवण्याबद्दल एवढंच, की कंटेनरांच्या गर्दीत राजणोलीजवळ हे करणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा.

पण हवा कमी ठेवण्याचा सल्ला सोडून देण्यासारखा नाही, कारण त्याने माणसं मरतात.

टायर तापतो तो मुख्यतः बाहेरच्या उन्हाने नव्हे, स्वतःच्या मुडपण्याने. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा खालचा भाग दबतो, बाजूची भिंत वाकते, पुन्हा सरळ होते. वाकवायला लागलेली सगळी ताकद रबर परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन आत साठते. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते आणि जास्त तापते. वेग वाढला की हे वाकणं सेकंदाला जास्त वेळा होतं. गाडीत पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर आणखी भर. मग नक्षीखालच्या तारांच्या पट्ट्यांच्या कडेला रबराची पकड सुटायला लागते आणि एका क्षणी नक्षीचा थर सोलून निघतो. ज्याला आपण ‘उन्हाने फुटला’ म्हणतो, तो बऱ्याचदा कमी हवेने शिजलेला असतो. दाब थोडा वाढल्याने चांगला टायर फुटत नाही; नेहमीच्या हवेच्या दुपटीहून कितीतरी जास्त दाब तो सोसतो.

आता या गृहस्थांचा हिशेब मांडून बघू. सकाळी सत्तावीस अंशांवर टायरमध्ये 33 पीएसआय हवा आहे. नाशिक रस्त्यावर तासभर पळवल्यावर आतली हवा तीस अंशांनी तापली, की गेज 38च्या आसपास दाखवणार. हे वाढणं कंपनीने गृहीत धरलेलं असतं. दाराच्या पट्टीवर लिहिलेला आकडा गार टायरचा असतो. पण आपला पंपावरचा मुलगा, या शास्त्रानुसार, 38 बघून घाबरतो आणि ‘उन्हाळ्याचं प्रमाण’ म्हणून 30वर आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये 26 उरलेली असते. मालकाला पत्ताही नसतो.

26 हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला कंपनीने शिफारस केलेली हवा 26 होती. तिच्या फायरस्टोन टायरांची नक्षी सोलून निघू लागली, अपघातांची नोंद टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यांत जास्त झाली, आणि ऑगस्ट 2000मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवावे लागले. टायरमध्ये दोष होता, हे खरं. पण त्या दोषाला कमी हवा, उष्मा, वेग आणि वजन यांनी हात दिला, हेही तितकंच खरं. या प्रकरणानंतर तिथे हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा गाड्यांना सक्तीची झाली.

यावर या गृहस्थांचं ठरलेलं उत्तर येतं: शर्यतीत तर कमी हवेनेच सुरुवात करतात! करतात. कारण दोन-चार फेऱ्यांत ती किती वाढेल हे त्यांना ठाऊक असतं, गाडी थांबली की लगेच मोजतात, टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला सुई खुपसून तापमान घेतात. कडा जास्त तापल्या तर हवा कमी आहे, मध्य जास्त तापला तर जादा आहे. शर्यतीच्या टायरला शंभर अंशांच्या आसपास पकड मिळते. तुमच्या-माझ्या टायरचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. अर्धी गोष्ट उचलायची आणि तिच्यावर कुटुंबाला बसवून निघायचं, याला मी अभ्यास म्हणणार नाही.

  

हे सगळं आता अधिक तातडीने बोलावं लागतं, कारण समृद्धी महामार्ग आपल्या दारात आला आहे. 5 जून 2025ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यात आहे. सलग काँक्रीट, ताशी 120ची मर्यादा, पुढे 701 किलोमीटर नागपूरपर्यंत. घराजवळच्या खड्ड्यांत पंधराच्या वेगाने चाललेला कमी हवेचा टायर गुन्हा लपवतो. आमण्याहून पुढे तो लपत नाही.

रुंदीचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, ते मी मान्य करतो. रुंद टायर कोरड्या वळणावर कमी मुडपतो आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. पण जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवा ठरवतात: एका चाकावर 230 किलो आणि 33 हवा असेल तर साधारण शंभर चौरस सेंटिमीटर, टायर अरुंद असो की रुंद. रुंदीने आकार बदलतो, आडवा आणि आखूड होतो. पावसाळ्यात तोच आडवा पट्टा पाण्यावर लवकर तरंगतो. 185/65 आर15 काढून 215/45 आर17 घातला की भिंतीची उंची 120 मिलिमीटरवरून 97वर येते, आणि वाडा रस्त्यावरचा खड्डा थेट रिमला भेटतो. जागतिक रॅलीत डांबरावर 235 रुंदीचा टायर लावणारे स्वीडनच्या बर्फावर बराच अरुंद लावतात. फॉर्म्युला वननेही 2026साठी टायर अरुंद केले आहेत, पुढचे 25 आणि मागचे 30 मिलिमीटरने.

मग करावं काय? मूळ मापापेक्षा फार तर दहा मिलिमीटर रुंद घ्या, व्यास तोच राखून: 185/65 आर15ला 195/55 आर16 जुळतो. पैसे रुंदीवर नको, चांगल्या रबरावर घाला. गेज स्वतःचं ठेवा, हवा सकाळी गाडी हलवण्याआधी बघा, तापलेल्या टायरमधून कधीही काढू नका, आणि माणसं-सामान भरलं की पट्टीवरचा भरल्या गाडीचा आकडा पाळा. माळशेज उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा; ब्रेक तापले की ती उष्णता रिममधून टायरच्या कडेपर्यंत पोचते, आणि ती गेजवर वाढलेला दाब म्हणून दिसते.