विश्लेषण : कानात तीन तासांच्या गप्पा, पण ‘काहीतरीच काय’ म्हणणारे कोण?

बदलापूरहून सुटलेली लोकल कल्याणला पोहोचेपर्यंत डब्यातल्या ग्रुपचा विषय तीनदा बदललेला असतो. अंबरनाथला शिवमंदिर किती जुने यावर वाद, उल्हासनगरला कुणाची तरी जुनीच कोटी, विठ्ठलवाडीला ‘एआय’ नोकऱ्या खाणार का, आणि कल्याण येता येता आदल्या रात्री फोनवर पाहिलेली एखादी लढत. आता याच डब्यात निम्म्या लोकांच्या कानात इअरफोन असतात आणि त्यांत हेच सगळे विषय दुसरे कुणीतरी बोलत असते. गप्पा त्याच आहेत, मात्र ऐकणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही. हा बदल वाटतो तेवढा किरकोळ का नाही, याचा हा आढावा.

सगळ्या विषयांवरच्या गप्पा इतक्या लोकप्रिय का?

या प्रकाराचे जगातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जो रोगन. व्यवसायाने विनोदवीर, शिवाय ‘यूएफसी’ या मिश्र मार्शल आर्ट स्पर्धांचा समालोचक. डिसेंबर २००९ मध्ये त्याने पॉडकास्ट सुरू केला. समोर कधी विनोदवीर, कधी शास्त्रज्ञ, कधी शिकारी, कधी लढवय्या. गप्पा दोन-तीन तास चालतात आणि त्यांना ठरावीक प्रश्नपत्रिका नसते. २०२० मध्ये ‘स्पॉटिफाय’ने त्याच्याशी मोठा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, डोनाल्ड ट्रम्प त्याच्यासमोर सुमारे तीन तास बसले.

भारतातही हेच घडले. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी निखिल कामत यांच्या पॉडकास्टमध्ये आले आणि मार्चमध्ये लेक्स फ्रिडमनशी तीन तासांहून अधिक बोलले. मराठीत ‘अमुक तमुक’, ‘थिंक बँक’, ‘मित्रम्हणे’ यांसारख्या वाहिन्यांनी दीर्घ गप्पांना स्वतःचा श्रोता मिळवून दिला. दूरचित्रवाणीवरील चर्चेत पाहुण्याला मिनिटभरही सलग बोलता येत नाही. त्या आरडाओरडीला कंटाळलेल्या माणसाला निवांत बोलणे ऐकावेसे वाटले, यात नवल नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरशी याचा संबंध काय?

संबंध वेळेचा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८ किलोमीटर. रोज मुंबईला जाऊन येणाऱ्याचे दोन ते तीन तास गाडीतच जातात. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. त्यानंतर उभे राहिलेले टॉवर पाहता आज गर्दी किती वाढली, हे सांगायला नको.

हा रिकामा वेळ पूर्वी ग्रुपने भरून निघत असे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, जागा धरून ठेवणारे मित्र. कुठे भजन, कुठे पत्ते, महिलांच्या डब्यात भाजी निवडता निवडता घरच्या-ऑफिसच्या गोष्टी आणि दसऱ्याला डब्याची सजावट. ग्रुपमध्ये आयुध निर्माणीतला कामगार, बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई आणि कपड्यांचा व्यापारी एकाच विषयावर बोलत. आता उभे राहायलाच जागा नसेल तर बोलणार कुणाशी? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. अशा गर्दीत माणूस कानात आवाज लावून डोळे मिटतो. त्याला दोष देता येत नाही.

मग दोन्हींत फरक कोणता?

फरक विषयांचा नाही. विनोद, निसर्ग, इतिहास, तंत्रज्ञान, कुस्ती हे सगळे एका दमात बोलणे ही गप्पांची जुनीच रीत आहे. फरक आहे तो आडवे येणाऱ्या माणसाचा. ग्रुपमध्ये कुणी मोठी थाप मारली की समोरचा म्हणतो, ‘काहीतरीच काय!’ बोलणाऱ्याला तिथल्या तिथे पुरावा द्यावा लागतो, नाहीतर हसून विषय बदलावा लागतो. शिवाय तोच माणूस उद्या त्याच डब्यात भेटणार असतो. चुकीचे बोललेले लोक लक्षात ठेवतात आणि पुढे वर्षभर त्यावरून टोमणे मारतात.

पॉडकास्टमध्ये समोर यजमान असतो. पण तो पाहुण्याला आमंत्रण देऊन घेऊन आलेला असतो. पाहुणा खुलला तर कार्यक्रम चालतो, म्हणून यजमान शक्यतो मान डोलावतो. तीन तास शांतपणे, हसतखेळत सांगितलेली गोष्ट आपोआप खरी वाटू लागते. आवाज कानात इतका जवळ असतो की श्रोत्याला तो आपल्याच ग्रुपमधला वाटतो. प्रत्यक्षात त्या ग्रुपमध्ये श्रोत्याला तोंड नसते.

रोगनच्या बाबतीत हे उघड झाले ते २०२२ च्या सुरुवातीला. करोना लशींविषयी त्याच्या कार्यक्रमात झालेल्या दाव्यांवर अनेक डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून आक्षेप घेतला. गायक नील यंगने स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली. त्यानंतर वादग्रस्त विषयांवर वेगळ्या मताचे तज्ज्ञही बोलवण्याचा प्रयत्न करू, असे रोगनने सांगितले. म्हणजे ‘काहीतरीच काय’ म्हणणाऱ्याची खुर्ची रिकामी होती, याचीच ती कबुली.

इतिहासाच्या गप्पांत काय बिघडते?

अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. कथा म्हणून ती सुंदर आहे. मंदिरातील शिलालेख मात्र शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा काळ आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव सांगतो. ‘हे मंदिर युनेस्कोच्या यादीत आहे’ हे वाक्यही सर्रास ऐकू येते. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत अंबरनाथ नाही. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे.

डब्यात हे बोलणे झाले तर शिलालेखाविषयी वाचलेला एखादा निवृत्त शिक्षक दुरुस्ती करतो. दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी ओळखले जाणारे ‘ग्रंथसखा’ वाचनालय बदलापुरातच आहे, तेव्हा शंका आली तर पुस्तकही गाठता येते. तीच गोष्ट ‘रहस्यमय मंदिर’ म्हणून कॅमेऱ्यासमोर रंगवली गेली, की तिला लाखो श्रोते मिळतात आणि दुरुस्ती करणारा मात्र एकही नसतो. मंदिराचे खरे वैभव, म्हणजे साडेनऊशेहून अधिक वर्षे टिकलेले कोरीव काम आणि बाजूने वाहणाऱ्या वालधुनीची आजची दुर्दशा, बाजूलाच राहते.

निसर्गावरच्या गप्पा जिवावर कशा बेतू शकतात?

२७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. गाडीतून उतरू नका, असे आवाहन रेल्वेने केले. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि गावकऱ्यांच्या मदतीने सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या दिवशी कुणाचे ऐकायचे हा गप्पांचा विषय नव्हता, तो जगण्याचा प्रश्न होता.

दरवर्षी जोराचा पाऊस लागला की ‘बारवीचे दरवाजे उघडले, बदलापूर बुडणार’ असे संदेश फिरतात. बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. ठरलेली पातळी गाठली की ते आपोआप उघडतात. आणि बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या खालच्या बाजूला. त्यामुळे बदलापुरात पाणी शिरण्याचे पहिले कारण वरच्या अंगाला, कर्जत-नेरळच्या पाणलोटातील पावसात शोधावे लागते. नदीकाठी राहणाऱ्या जुन्या माणसाला हे पाठ असते. नव्याने फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला ते माहीत नसते आणि जुना माणूस त्याच्या ओळखीचाही नसतो. गप्पा तुटल्या की अशी माहितीही तुटते.

विनोद, कुस्ती आणि तंत्रज्ञानाचे काय?

विनोदात तर समोरचा माणूस सर्वांत महत्त्वाचा. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, ही कोटी इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ग्रुपमधला सिंधी सहप्रवासी ती स्वतः करतो तेव्हा तिच्यात अभिमानही असतो. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावणीत आलेल्या निर्वासितांनी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या गावात, शून्यातून बाजारपेठ उभी केली. कॅम्प एक ते पाच ही नावे त्याची आठवण देतात. तीच कोटी अनोळखी माणसाने हिणवण्यासाठी केली तर डब्यातला चेहरा लगेच सांगतो की मर्यादा ओलांडली. कॅमेऱ्याला चेहरा दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’मधील शेरेबाजीवरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गप्पांत जी चूक एका ‘पुरे आता’ने मिटली असती, ती तिथे पोलीस ठाण्यात पोहोचली.

कुस्तीचेही तसेच. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य जिंकले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीची लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आखाड्यापासून पिंजऱ्यापर्यंतचा हा प्रवास तरुण फोनवर पाहतात. फेब्रुवारी २०२५ च्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत, अहिल्यानगरला, पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. त्यावर मत सगळ्यांनाच होते. पण दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले की नाही, हे सांगण्याचा अधिकार अंगाला माती लागलेल्याच्या शब्दाला जास्त. ग्रुपमध्ये असा एखादा असतो आणि तो बोलू लागला की बाकीचे गप्प बसतात.

तंत्रज्ञानावर अंबरनाथला तरी उपदेशाची गरज नाही. आयुध निर्माणी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि एमआयडीसीतले कारखाने या गावाने दशकानुदशके पाहिले. हाताच्या लेथवरून सीएनसीवर जाताना कोणते काम गेले आणि कोणते नवे आले, हे इथला फिटर अनुभवाने सांगू शकतो. ‘दहा वर्षांत सगळ्या नोकऱ्या संपणार’ असे ठासून सांगणाऱ्या पाहुण्यापेक्षा त्याचे दोन शब्द मुलाचा आयटीआयचा ट्रेड निवडताना जास्त उपयोगी पडतात.

मग लोकलचे ग्रुप आदर्श होते का?

अजिबात नाही. जागा अडवणे, नव्या प्रवाशाला दमदाटी, बाहेरच्यांची टिंगल, हे ग्रुपचेच दुर्गुण. अफवाही याच डब्यांतून पसरल्या. ज्याला ग्रुप नाही, लाजाळू स्वभाव आहे किंवा रात्रपाळी आहे, त्याला पॉडकास्टने खरोखर सोबत दिली. पुस्तक विकत न घेणारा तरुण तीन तास इतिहास ऐकतो, ही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे पॉडकास्ट बंद करा आणि जुने दिवस आणा, ही मागणी भाबडी ठरेल.

करायचे काय?

प्रश्न ऐकण्याचा नाही, ऐकल्यावर काय करायचे याचा आहे. पहिली गोष्ट यजमानांनी करावी. चुकीचा दावा प्रसारित झाला तर पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच तो दुरुस्त करावा आणि आरोग्य, पूर, पैसा अशा विषयांत पाहुण्याला ‘हे तुम्हाला कसे माहीत?’ एवढे तरी विचारावे. दुसरी गोष्ट श्रोत्याच्या हातात आहे. बोलणारा माणूस त्या विषयात काम केलेला आहे की फक्त बोलण्यात पटाईत आहे, हे पाहावे. कार्यक्रमाच्या शेवटी तो काही विकत असेल, तर ऐकलेले त्या हिशेबाने तोलावे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. ऐकलेले कुणाला तरी सांगावे. शेजारच्या काकांना, कारखान्यातल्या सहकाऱ्याला, घरी आजीला. सांगताना अर्धी गोष्ट आपोआप लंगडी पडते आणि उरलेल्या अर्धीवर समोरचा प्रश्न विचारतो. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका पूर्ण होऊन गाड्या वाढल्या, तर डब्यात कदाचित पुन्हा बसून बोलण्याइतकी जागा होईल. तोवर वाचनालय, सोसायटीचे आवार, नाक्यावरची टपरी आहेच.

तीन तासांच्या गप्पा कानाने ऐकाव्यात. त्यांवर विश्वास ठेवण्याआधी मात्र एकदा तरी एक इअरफोन काढून शेजाऱ्याला विचारावे, ‘तुम्हाला हे पटतं का हो?’ तो ‘काहीतरीच काय’ म्हणाला, तर राग मानू नये. खऱ्या गप्पा तिथूनच सुरू होतात.